मेजेल बॅरेट आणि स्टार ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टार ट्रेक या अमेरिकन अवकाश-मालिकेचा विषय निघाला की कर्क, स्पॉक, पिकार्ड ही पात्रांची नावं आपोआप येतात. मेजेल बॅरेटचं नाव घेतलं तर बहुतेक जण विचारतात, "ही कोण?" मग तिच्या भूमिका एकेक करून सांगितल्या की, "काय सांगतोस, ती पण हीच?" हा संवाद इतक्या वेळा झालाय की उत्तरं एकदाच लिहून ठेवलेली बरी.

मेजेल बॅरेट नेमकी कोण?

अमेरिकन अभिनेत्री. जन्म 23 फेब्रुवारी 1932, ओहायो राज्यात. मूळ नाव मेजेल ली ह्यूडेक. स्टार ट्रेकची पहिली चाचणी-फिल्म (वाहिनीला दाखवायचा नमुना-भाग) 1964 साली चित्रित झाली, तिच्यात ती होती. 2009 साली नव्या कलाकारांचा चित्रपट आला, त्यातही ती होती. मधल्या पंचेचाळीस वर्षांत या नावानं जेवढ्या मालिका आल्या, त्या प्रत्येकीत ती कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. कधी चेहऱ्यानं, कधी फक्त आवाजानं. स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी यांची ती पत्नी. त्यामुळे चाहते तिला 'स्टार ट्रेकची फर्स्ट लेडी' म्हणत. बिरुद मानाचं आहे, पण त्यामुळे तिची ओळख 'अमक्याची बायको' इथेच अडकून पडली.

स्टार ट्रेकच्या आधी ती काय करत होती?

पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून चित्रपटांतली बारीकसारीक कामं आणि टीव्हीवर पाहुण्या भूमिका. 'बोनान्झा'सारख्या मालिकांत एखाद-दुसरा भाग. त्या काळी हॉलिवूडमध्ये अशा शेकडो मुली होत्या. तिच्या बाबतीत वेगळं एवढंच की विनोदी अभिनयाचे धडे तिला ल्यूसील बॉलकडून मिळाले. ल्यूसील बॉल म्हणजे अमेरिकन टीव्हीवरची विनोदाची महाराणी आणि देसीलू स्टुडिओची मालकीण. पुढे स्टार ट्रेक याच देसीलूमध्ये तयार झाली. त्या शिकवणीचा उपयोग मात्र मेजेलला वीस-पंचवीस वर्षांनी झाला. ते पुढे येईलच.

रॉडनबेरींच्या 'द लेफ्टनंट' या मालिकेतही तिनं काम केलं होतं. त्यानंतर त्यांनी अवकाशातल्या मालिकेची जुळवाजुळव सुरू केली, तेव्हा एक पात्र तिला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं.

'नंबर वन' म्हणजे तेच पात्र का?

हो. 'द केज' या पहिल्या चाचणी-फिल्ममध्ये एंटरप्राइज या यानाचा कप्तान पाइक आहे (अभिनेता जेफ्री हंटर), आणि त्याच्या खालोखाल अधिकार असलेली अधिकारी म्हणजे मेजेलची नंबर वन. तिला दुसरं नावच नाही. काळे केस, थंड नजर, तुटक बोलणं, चेहऱ्यावर रेषही हलत नाही. श्रेयनामावलीत मेजेलनं 'एम. ली ह्यूडेक' हे नाव वापरलं होतं.

त्यातला एक प्रसंग आवर्जून बघा. एक तरुण मदतनीस मुलगी यानाच्या नियंत्रणकक्षात येते. ती गेल्यावर पाइक कुरकुरतो की इथे बाईमाणूस वावरतंय याची आपल्याला अजून सवय होत नाही. शेजारीच नंबर वन उभी. ती नुसती मान वळवून त्याच्याकडे बघते. कप्तानाच्या लक्षात येतं, तो घाईघाईनं सारवासारव करतो की तुमची गोष्ट वेगळी. यावर तिला एकही वाक्य दिलेलं नाही. त्या बघण्यातच सगळं आलं.

आणि शेवटी परग्रहवासी पाइकला पिंजऱ्यात ठेवून माणसांची गुलाम पैदास करायची योजना सांगतात, तेव्हा सौदेबाजी न करता आपल्या शस्त्राचाच स्फोट घडवायची तयारी करणारी हीच. पैदाशीची जनावरं होण्यापेक्षा सगळे मेलेलं बरं, हा हिशेब ती काही सेकंदांत करते. 1964 सालच्या टीव्हीवर बाईला असं काम मिळत नव्हतं.

मग ती भूमिका काढून का टाकली?

याची दोन उत्तरं आहेत आणि चाहते यावर अजून भांडतात.

रॉडनबेरी आयुष्यभर सांगत राहिले ती गोष्ट अशी: एनबीसी वाहिनीला 'द केज' फार बौद्धिक वाटली. दुसरी फिल्म करा म्हणाले, पण दोन पात्रं नकोत, ती हुकूम सोडणारी बाई आणि तो टोकदार कानांचा प्राणी, म्हणजे परग्रही अधिकारी स्पॉक. चाचणी प्रेक्षकांतल्या बायकांनाही नंबर वन आगाऊ वाटली म्हणे. दोघांपैकी एकालाच वाचवता येणार होतं. मग त्यांनी कानवाल्याला ठेवलं आणि बाईशी लग्न केलं. उलटं करणं कायद्यात बसलं नसतं. हा विनोद त्यांनी असंख्य व्यासपीठांवर ऐकवला.

दुसरी बाजू देसीलूचे तेव्हाचे अधिकारी हर्ब सोलो आणि निर्माते बॉब जस्टमन यांनी नंतर पुस्तकात मांडली. त्यांच्या म्हणण्यानुसार वाहिनीला बाई अधिकारी असण्याला हरकत नव्हती. हरकत होती ती निर्मात्यानं आपल्या मैत्रिणीला एवढी मोठी भूमिका देण्याला. रॉडनबेरी तेव्हा विवाहित होते आणि मेजेलशी त्यांचं प्रकरण स्टुडिओत कुणापासून लपलेलं नव्हतं.

मला दुसरी बाजू जास्त पटते. पहिली गोष्ट फारच घोटीव आहे, आणि सांगणाऱ्याला तिच्यात नायक होता येतं. पण कारण कुठलंही असो, भूमिका गेली ती मेजेलची. नंबर वनचा थंड तर्कनिष्ठपणा उचलून स्पॉकला देण्यात आला. 'द केज'मधला स्पॉक एका गुणगुणणाऱ्या फुलाकडे बघून चक्क हसतो. नंतरचा स्पॉक सहसा हसत नाही. जगभर गाजलेल्या त्या निर्विकार चेहऱ्यामागे मेजेलची गेलेली भूमिका आहे.

पण नंबर वन तर मूळ मालिकेत दिसते. ते कसं?

'द मिनॅजरी' या दोन भागांच्या कथेमुळे. नोव्हेंबर 1966 मध्ये ती दाखवली गेली. नवे भाग वेळेत तयार होत नव्हते, म्हणून पडून असलेल्या 'द केज'ची दृश्यं नव्या कथेच्या चौकटीत बसवली. त्यामुळे प्रेक्षकांनी नंबर वनला पाहिलं, पण जुनी आठवण म्हणून. 'द केज' अखंड स्वरूपात टीव्हीवर यायला 1988 उजाडलं.

नर्स चॅपल म्हणून ती परत कशी आली?

केस सोनेरी करून आणि नाव बदलून. 'मेजेल बॅरेट' हे नाव श्रेयनामावलीत आलं आणि सप्टेंबर 1966 मध्ये दाखवलेल्या 'द नेकेड टाइम' या भागात नर्स क्रिस्टीन चॅपल डॉक्टर मॅककॉयच्या हाताखाली रुजू झाली.

आता चॅपलविषयी खरं बोलायचं तर काम पातळ आहे. ती हुशार आहे, हरवलेला वाग्दत्त पती शोधायला म्हणून अवकाशयानावर आली आहे, हे 'व्हॉट आर लिटल गर्ल्स मेड ऑफ' या भागात कळतं. तो सापडतो तेव्हा तो माणूसच उरलेला नसतो. एवढं दिल्यावर लेखकांनी तिला पुढे काय दिलं? ट्रे, सुई, आणि स्पॉकवरचं एकतर्फी प्रेम. 'अमॉक टाइम'मध्ये ती त्याच्यासाठी मायेनं व्हल्कन (म्हणजे त्याच्या ग्रहावरचं) सूप करून नेते. दार उघडतं, चॅपल धावत बाहेर येते, आणि मागोमाग वाडगा भिंतीवर आदळतो. स्पॉकच्या शरीरात तेव्हा भलतीच उलथापालथ चालू असते हे खरं, पण सूप तिचंच सांडतं. पुढे मेजेल नुसत्या चेहऱ्यानं त्या प्रसंगाला जागते: अपमान झालाय, तरी काळजी सुटत नाही.

म्हणजे वशिल्यानं काम मिळालं, असंच ना?

वशिला होताच. नाकारण्यात अर्थ नाही. निर्मात्याची मैत्रीण नसती तर पहिली भूमिका गेल्यावर दुसरी मिळाली नसती.

पण वशिल्यानं मिळालं काय, तेही बघा. तीन वर्षं चाललेल्या, 79 भागांच्या मालिकेत सुमारे पंचवीस भागांत नर्स. त्यातल्या कित्येक ठिकाणी दोन-तीन वाक्यं. आणि ज्या नात्यामुळे ही नर्स मिळाली, त्याच नात्यामुळे (सोलो-जस्टमन म्हणतात तसं असेल तर) नंबर वन हातची गेली. हिशेब मांडला तर वशिल्यात बाई तोट्यातच गेली. पुढे तिची खरी गाजलेली दोन कामं झाली, यानाच्या संगणकाचा आवाज आणि ल्वाक्साना ट्रॉय ही भूमिका. ती टिकली ती कामामुळे. रॉडनबेरी 1991 मध्ये वारल्यानंतरही निर्माते तिला बोलवत राहिले.

त्यांचं लग्न कधी झालं?

मूळ मालिका 1969 मध्ये बंद पडली. त्याच वर्षी रॉडनबेरी कामानिमित्त जपानमध्ये होते, त्यांनी मेजेलला तिकडे बोलावून घेतलं आणि 6 ऑगस्टला टोकियोत पारंपरिक जपानी पद्धतीनं विधी केला. पहिल्या पत्नीपासूनचा घटस्फोट तेव्हा पुरा झालेला नव्हता, म्हणून कायदेशीर लग्न डिसेंबरमध्ये पुन्हा लावावं लागलं. मुलगा 1974 सालचा, नाव यूजीन, सगळे त्याला रॉड म्हणतात.

मालिका बंद पडल्यावरचे दिवस ओढग्रस्तीचे होते. त्या काळात मेजेलनं लिंकन एंटरप्रायझेस हा टपालानं माल पाठवायचा व्यवसाय चालवला. पटकथांच्या प्रती, फिल्मच्या कापलेल्या चौकटी, चाहत्यांना हवं ते सगळं. बंद पडलेली मालिका लोकांच्या घरात जिवंत राहिली, त्यात या पार्सलांचा वाटा आहे.

ॲनिमेशन मालिकेतही ती होती?

होती, आणि भरपूर होती. 1973-74 च्या या 22 भागांच्या मालिकेत ती चॅपल होती, संगणक होती, मांजरासारखी दिसणारी आणि गुरगुरत बोलणारी एम'रेस ही अधिकारी होती, शिवाय लागेल तो बायकी आवाज.

पैसे वाचवायला कंपनीनं आधी ठरवलं होतं की मूळ मालिकेतल्या उहुरा आणि सुलू या पात्रांचे आवाजसुद्धा मेजेल आणि जेम्स डूहान (मूळ मालिकेतला स्कॉटी) यांनीच काढायचे. लेनर्ड निमॉय, म्हणजे आपला स्पॉक, अडून बसला: निशेल निकल्स (उहुरा) आणि जॉर्ज टाकेई (सुलू) नसतील तर मीही नाही. मालिकेतले दोन अल्पसंख्याक कलाकारच वगळायचे, हे त्याला खपलं नाही. दोघं परत आले. मेजेलच्या वाट्याचं थोडं काम गेलं, ते जायलाच हवं होतं.

पर्सिस खंबाटाबरोबर तिनं काम केलंय, हे खरं का?

अगदी खरं. मुंबईची पर्सिस, 1965 ची फेमिना मिस इंडिया, 1979 च्या 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर'मध्ये इलियाच्या भूमिकेत होती. त्यासाठी तिनं डोकं पूर्ण भादरलं होतं, आणि त्याचीच चर्चा आपल्याकडे जास्त झाली. याच चित्रपटात चॅपल आता नर्स राहिलेली नाही, डॉक्टर झाली आहे.

दोघींचा एक छोटा प्रसंग आहे. इलियाला परकी शक्ती नष्ट करते आणि तिच्या रूपाचं एक यंत्र यानावर पाठवते. त्या यंत्रात इलियाची एखादी आठवण शिल्लक आहे का, हे बघायला तिला इलियाच्याच खोलीत नेतात. तिथे चॅपल इलियाचा कपाळपट्टा उचलते आणि हळूच त्या तुळतुळीत डोक्यावर चढवते. यंत्र आरशात बघतं आणि पर्सिसच्या डोळ्यांत क्षणभर कुणीतरी जागं होतं. भव्य यानं आणि ढगांमध्ये हरवलेल्या त्या लांबलचक चित्रपटात माणसांचं असं थोडंच आहे, त्यातलं हे एक.

चौथ्या चित्रपटात (1986) चॅपल ओझरती दिसते. पडद्यावरची मेजेलची चॅपल तिथे संपते.

ल्वाक्साना ट्रॉय कोण?

इथे ल्यूसील बॉलची शिकवणी कामाला आली.

1987 मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही नवी स्टार ट्रेक मालिका सुरू झाली. यानावरची समुपदेशक डियाना ट्रॉय (मरीना सर्टिस) हिची आई म्हणजे ल्वाक्साना. बीटाझेड ग्रहाची राजदूत, घराण्याच्या पदव्यांची लांब माळ, दर प्रसंगाला नवा झगमगता झगा आणि नवा केसांचा टोप, बरोबर मिस्टर होम नावाचा उंचच्या उंच, न बोलणारा नोकर. तिला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं आणि ते चारचौघांत मोठ्यानं सांगायलाही तिला काही वाटत नाही. थोडक्यात, आपल्या लग्नकार्यात येणारी ती आत्या, जी हॉलमध्ये शिरल्याबरोबर "अजून जमलं नाही का गं तुझं?" म्हणते, तिला जर खरंच मनातलं ऐकू येऊ लागलं तर जे होईल ते.

तिच्या पहिल्याच भागात, 'हेवन'मध्ये, ती यानावर उतरते आणि आपली बॅग सरळ कप्तान पिकार्डच्या हातात देते. पॅट्रिक स्टुअर्टसारखा रंगभूमीवरचा दमदार नट ती बॅग उचलताना कसा वाकतो आणि तरी कप्तानाची ऐट कशी सोडत नाही, ते बघाच. वॉर्फ या यानावरच्या अधिकाऱ्याला ती बिनदिक्कत 'मिस्टर वूफ' म्हणते. 'मेनाज आ ट्रॉय'मध्ये तिला फेरेंगी नावाचे परग्रहवासी पळवून नेतात, आणि तिला सोडवण्यासाठी पिकार्डला सगळ्या सहकाऱ्यांसमोर तिच्यावरच्या खोट्या प्रेमाचं नाटक करत शेक्सपियरच्या प्रेमकविता म्हणाव्या लागतात.

ही भूमिका देताना रॉडनबेरी तिला म्हणाले होते म्हणे की तुला यात अभिनय करावा लागणार नाही. नवरा-बायकोतली थट्टा ती.

ल्वाक्सानाचे भाग काही लोकांना अजिबात आवडत नाहीत. का?

कारण सुरुवातीचे दोन-तीन भाग एकाच सुरात आहेत. नवरा शोधणारी, वय झालेली, भडक बाई, आणि तिच्यापासून पळणारा कप्तान. विनोद बाईच्या वयावर चालतो, तो आज खटकतो. तेव्हाही खटकत असणार.

पण नंतर लेखकांच्या लक्षात आलं की या भडक झग्याच्या आत माणूस आहे. 1991 चा 'हाफ अ लाइफ' बघा. टिमिसिन नावाचा शास्त्रज्ञ (डेव्हिड ऑग्डन स्टायर्स) आपला मरू घातलेला सूर्य वाचवण्यासाठी आयुष्यभर खपलाय. ल्वाक्साना त्याच्या प्रेमात पडते. मग कळतं की त्याच्या ग्रहावर साठी पूर्ण झाली की प्रत्येकानं स्वतःहून मरण पत्करायचं अशी रीत आहे, आणि तो साठीच्या उंबरठ्यावर आहे. ती चिडते, वाद घालते, त्याला मागे ओढू बघते. तोही डगमगतो. पण त्याची मुलगी येऊन विचारते, तुमच्यामुळे घराण्यानं मान खाली घालायची का? शेवटी तो परत जायला निघतो, आणि ल्वाक्साना, जिला ही रीत रानटी वाटते, तीच त्याच्याबरोबर खाली उतरते. कारण त्या दिवशी आपली माणसं जवळ असावीत अशीही तिथली रीत आहे. भागाला उत्तर नाही. म्हातारपण, ओझं होणं, मुलांनी करणं, यावर टीव्हीवर इतकं सरळ बोललेलं मी फार थोडं पाहिलंय.

1993 चा 'डार्क पेज' त्याहून काळोखा आहे. डियानाच्या जन्मानंतर थोड्याच काळात बुडून गेलेली थोरली मुलगी, आणि ते दुःख इतकं खोल गाडून टाकलेली आई की तिनं आपल्या रोजनिशीतली वर्षंच्या वर्षं पुसून टाकलीत. डियानाला आपल्याला बहीण होती हेच ठाऊक नसतं. (यातली लहान परग्रही मुलगी म्हणजे कर्स्टन डन्स्ट. पुढे ती मोठी स्टार झाली.)

'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेक मालिकेत ल्वाक्साना लिफ्टमध्ये अडकते, तो भाग कुठला?

'द फोर्सेकन', 1993. सुरक्षा अधिकारी ओडो (रेने ओबेरजॉन्वा) हा रूप बदलणारा प्राणी. दर 16 तासांनी त्याला वितळून द्रवरूपात जावं लागतं, आणि ते कुणी पाहिलेलं त्याला चालत नाही. तो आणि ल्वाक्साना लिफ्टमध्ये अडकतात. ती बोलतच राहते, तो भिंतीकडे बघत राहतो. तास जातात. त्याचा चेहरा ओघळायला लागतो, आणि आपलं हे रूप दिसणार म्हणून तो लाजेनं अर्धमेला होतो.

तेव्हा ती डोक्यावरचा टोप काढते. आत साधे, चपटे बसलेले केस. असं आपल्याला कुणी पाहिलेलं नाही, असं ती त्याला सांगते. मग झग्याचा ओचा पसरते आणि म्हणते, वितळ, मी सांभाळते. पन्नाशी-साठीतल्या नटीनं कॅमेऱ्यासमोर हे करायला धीर लागतो. त्यानंतर ओडोच्या वागण्यात तिच्याविषयी जो आदर येतो, तो आपल्यालाही येतो.

ल्वाक्साना एकूण नऊ भागांत आहे: नेक्स्ट जनरेशनचे सहा, डीप स्पेस नाइनचे तीन.

संगणकाचा आवाज खरंच सगळीकडे तिचाच आहे?

फेडरेशनच्या (स्टार ट्रेकमधल्या ग्रहांच्या संघाच्या) यानांचा नेहमीचा आवाज म्हणाल तर हो. मूळ मालिका, ॲनिमेशन, नेक्स्ट जनरेशन, डीप स्पेस नाइन, व्हॉयेजर, कित्येक चित्रपट आणि खेळ. 'एंटरप्राइज' ही मालिका त्या आवाजाच्या आधीच्या काळात घडते, तरी 2005 च्या 'इन अ मिरर, डार्कली'मध्ये जुन्या काळच्या यानाचा संगणक म्हणून तिला आणलंच.

आवाज मात्र एकसारखा राहिलेला नाही. साठच्या दशकातला संगणक ठसकत, शब्द तोडत बोलतो. नेक्स्ट जनरेशनमधला स्वच्छ, शांत, किंचित मऊ. पण लाडिक नाही. यान पाच मिनिटांत फुटणार आहे हे तो ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात चहा तयार आहे म्हणून सांगेल. हा समतोल कठीण आहे. जरा भावना आली तर ते पात्र होतं, अजिबात नसली तर कान किटतात.

गंमत हवी असेल तर 1967 चा 'टुमॉरो इज यस्टरडे' बघा. बायकांचं राज्य असलेल्या एका ग्रहावर संगणकाची दुरुस्ती झालेली असते, आणि तिथल्या तंत्रज्ञांना तो फार रुक्ष वाटल्यामुळे त्यांनी त्याला स्वभाव बहाल केलेला असतो. परिणामी संगणक पाइकच्या जागी आलेल्या कप्तान कर्कला लाडानं हाक मारू लागतो आणि कर्क दात-ओठ खातो. मेजेलचा विनोदी हात इथेच दिसून गेला होता. वाट बघायला वीस वर्षं लागली.

ल्वाक्साना संगणकाशी बोलते तेव्हा?

तेव्हा मेजेल मेजेलशी बोलते. चाहत्यांचा आवडता खेळ.

स्टार ट्रेक सोडून तिनं काही केलंच नाही का?

केलं. 1973 च्या 'वेस्टवर्ल्ड'मध्ये कुंटणखान्याच्या मालकिणीची छोटी भूमिका आहे. सत्तरच्या दशकातल्या रॉडनबेरींच्या इतर टीव्ही-चित्रपटांतही ती आहे.

पण बोलण्यासारखं काम 1996 मधलं, 'बॅबिलॉन 5' या दुसऱ्या अवकाश-मालिकेतलं. त्या काळी स्टार ट्रेकवाले आणि बॅबिलॉनवाले एकमेकांना पाण्यात बघत. अशा वेळी मेजेल तिथे पाहुणी म्हणून गेली आणि सम्राटाची विधवा, भविष्य दिसणारी लेडी मोरेला झाली. लोंडो आणि त्याचा साधाभोळा मदतनीस वीर यांना ती सांगते, तुमच्यापैकी एक दुसऱ्याच्या मृत्यूनंतर सम्राट होईल. एका भागाची भूमिका, पण भांडणाऱ्या दोन्ही छावण्यांना जे कळायचं ते कळलं.

रॉडनबेरी गेल्यावर तिनं काय केलं?

त्यांच्या कागदपत्रांतून निघालेल्या कल्पनांवर दोन मालिका उभ्या राहिल्या. 'अर्थ: फायनल कॉन्फ्लिक्ट' (1997 ते 2002) आणि 'अँड्रोमेडा' (2000 ते 2005). दोन्हींची ती कार्यकारी निर्माती होती, पहिलीत डॉक्टरची भूमिकाही केली. दर्जा चढ-उताराचा. दोन्ही पाच-पाच हंगाम चालल्या, हे सोपं नाही.

तिचं शेवटचं काम कुठलं?

2009 चा 'स्टार ट्रेक' चित्रपट. एंटरप्राइजच्या संगणकाचे संवाद तिनं रेकॉर्ड केले, आणि थोड्याच दिवसांत, 18 डिसेंबर 2008 रोजी, रक्ताच्या कर्करोगानं लॉस एंजेलिसमध्ये तिचं निधन झालं. वय 76. चित्रपट पुढच्या मे महिन्यात आला, तो जीन आणि मेजेल या दोघांना अर्पण केलेला आहे.

जानेवारी 2024 मध्ये दोघांच्या अस्थींचा अंश अवकाशात पाठवला गेला. त्याच यानात निशेल निकल्स, जेम्स डूहान आणि डीफॉरेस्ट केली (डॉक्टर मॅककॉय) यांचेही अवशेष होते. सध्या ते सूर्याभोवती फिरताहेत.

ॲलेक्सा, गूगल वगैरेंचा तिच्याशी संबंध आहे का?

थेट नाही, पण मुळाशी आहे. बोललं की ऐकणारं आणि उत्तर देणारं यंत्र ही कल्पना एका अख्ख्या पिढीच्या अभियंत्यांनी तिच्या आवाजात ऐकली. ॲमेझॉननं इको हा ॲलेक्साचा स्पीकर बनवताना स्टार ट्रेकचा संगणक डोळ्यांसमोर होता हे उघड सांगितलंय, आणि 2017 पासून त्याला 'कॉम्प्युटर' अशी हाक मारायची सोयही दिली. गूगलच्या आवाजी सहायकाचं आतलं टोपणनाव 'मेजेल' असल्याच्या बातम्या 2011 मध्ये आल्या होत्या.

तिच्या आवाजातले सुटे ध्वनी जपून ठेवलेत, असं 2016 मध्ये रॉडनबेरींच्या बाजूनं जाहीर झालं. म्हणजे तिनं कधीच न म्हटलेली वाक्यं तिच्या आवाजात बनवता येतील. 2023 मध्ये 'पिकार्ड' मालिकेत जुनं एंटरप्राइज पुन्हा सुरू होतं, तेव्हा तिचाच आवाज येतो. तो प्रसंग मला आवडला. पण या मार्गानं नवे संवाद पाडत बसावं, असं मात्र मला वाटत नाही.

तिच्या भूमिका आता कोण करतं?

'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये (2022 पासून) नंबर वन म्हणजे रिबेका रोमेन. पात्राला ऊना हे नावही मिळालं. चॅपल म्हणजे जेस बुश. ही चॅपल स्वतःच्या तोऱ्यात वावरते, स्पॉकच्या मागे सूप घेऊन धावत नाही. मेजेलला एका वेळी जे मिळालं नाही, ते आता दोन नट्यांना मिळतंय.

आपल्याकडे तिला कुणी पाहिलं होतं का?

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ मालिका लागायची. त्या वयात इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, पण स्पॉकचे कान आणि दिव्यांची उघडझाप करणारा संगणक सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या संगणकाचा आवाज आणि मागे ट्रे घेऊन उभी असलेली सोनेरी केसांची नर्स एकच, हे तेव्हा सांगणार कोण होतं?

मला फक्त तीन-चार भाग बघायला वेळ आहे. कुठले बघू?

आधी 'द केज', नंबर वनसाठी. मग 'अमॉक टाइम'. चॅपल त्यात थोडीच आहे, पण भाग उत्तम आहे. 'हाफ अ लाइफ' चुकवू नका, घरात कुणी साठीचं असेल तर त्यांच्याबरोबर बघा आणि नंतरच्या वादाला तयार राहा. चौथा 'द फोर्सेकन'. वेळ उरला तर 'हेवन', पण नुसता बॅगेच्या प्रसंगापुरता; बाकीचा भाग तितकासा जमलेला नाही.